वाचकांचे प्रश्न : दिव्यांग माणूस कामावर घेताना

दिव्यांग माणसाला कामावर घ्यायचं मनात असेल तर अडतं कुठे ते कळवा, असं गेल्या अंकात विचारलं होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. ‘घ्यावं का?’ असं विचारणारे थोडे, ‘घेतलं तर नेमकं काय करायचं?’ असं विचारणारे जास्त. म्हणून उत्तरंही टेप आणि खडू हातात घेऊनच दिली आहेत.

जळगाव एमआयडीसीत माझा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे, कामगार ३४. आयटीआय झालेली दोन कर्णबधिर मुलं आली आहेत. हात चांगला आहे. पण सुपरवायझर म्हणतो, ‘हॉर्न ऐकू येणार नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’

सुपरवायझरची शंका रास्त आहे, पण त्याला एक विचारा : सगळे लूम (विणायची यंत्रं) चालू असताना खात्यात हॉर्न ऐकू येतो कोणाला? चांगल्या कानाच्या माणसालाही खांद्याला हात लावूनच बोलवावं लागतं. म्हणजे धोक्याची सूचना आजही अर्धवटच पोचते आहे. ती नीट करायचीच आहे, ही मुलं आली किंवा न आली तरी.

एक कागद घ्या आणि कामाचे तुकडे पाडा. प्लास्टिकचा दाणा आणि रंग मिसळणं, एक्स्ट्रूडर (दाणा वितळवून धागा काढणारं मशीन), लूम, काठ शिवणं, घडी आणि पॅकिंग, ट्रक भरणं. प्रत्येकापुढे एवढंच लिहा : ‘इथे कानाने काय कळतं? ते डोळ्याने किंवा हाताने कळू शकतं का?’ लूममध्ये काही बिघडलं तर आवाज बदलतो, पण थरथरही बदलते आणि विणही बिघडलेली दिसते. एक्स्ट्रूडरचा अलार्म वाजतो, त्याच तारेवर लुकलुकणारा दिवा जोडता येतो. फोर्कलिफ्ट मागून येते, त्यावर दिवा पुरत नाही. तिथे वाट आखावी लागते.

दिव्याचे रंग दोनच ठेवा, लाल म्हणजे बाहेर पळा आणि पिवळा म्हणजे मशीन थांबवा. रंग वाढले की कोणी लक्षात ठेवत नाही. मशीनच्या दोन्ही बाजूंनी दिसेल अशा उंचीवर दिवा बसवा. संडास, कपडे बदलायची खोली आणि दाण्याचं गोदाम इथेही एकेक हवाच. माणूस एकटा असतो तो तिथे, आणि विसर पडतो तो याच जागांचा. फोर्कलिफ्टची वाट पिवळ्या पट्ट्यांनी रंगवा, वळणावर बहिर्गोल आरसा लावा. ड्रायव्हरला एक नियम घालून द्या : पाठमोरा माणूस दिसला तर हॉर्न देत पुढे जायचं नाही, थांबायचं. फायर ड्रिलसाठी प्रत्येक पाळीत दोन सोबती नेमा. एकच नेमला तर तो नेमका त्या दिवशी रजेवर असतो.

रात्रपाळीचं वेगळं. वीज गेली की अंधारात ना खुणा दिसतात, ना ओठ. प्रत्येक दाराशी बॅटरीवर चालणारा दिवा ठेवा. गेटवर मोबाइल जमा करायची पद्धत असेल तर या दोघांना सूट द्या. खिशातला थरथरणारा फोन हीच त्यांची घंटा आहे.

आता बोलण्याचं. पहिली चूक सगळीकडे एकच होते, सूचना चिठ्ठीवर लिहून देणं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते. तिचं व्याकरण मराठीहून निराळं, त्यामुळे ‘माल उतरवून झाल्यावरच कात्री लावू नये असे नाही’ अशा वाक्यावर ते अडकतात. (खरं तर त्यावर कोणीही अडकेल.) नमुना दाखवा, फोटो लावा, करून दाखवा. दुसरी चूक म्हणजे ‘समजलं ना?’ असं विचारणं. मान हमखास हलते. त्याऐवजी ‘करून दाखव’ म्हणा.

तिसरी गोष्ट फक्त आपल्याकडची. मुलगा कर्णबधिरांच्या शाळेत ओठ वाचायला शिकला असेल तर तो पुस्तकी मराठीवर शिकलेला असतो. सुपरवायझर अहिराणीत ‘आठे ये, तठे ठेव’ म्हणाला तर त्याला ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ची ओठांची ठेवण सापडतच नाही. अहिराणी सोडायची गरज नाही. दहाबारा शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तेच वापरा. बोलताना तोंडावर उजेड हवा, मिशी ओठांवर उतरलेली नको आणि तोंडात गुटखा तर अजिबात नको. शेवटचं जमलं तर कारखान्याचं दोन्हीकडून भलं होईल.

तीसचाळीस खुणा बाकीच्या कामगारांनी शिकाव्यात, त्याही या मुलांकडूनच. इंटरनेटवर सापडणाऱ्या अनेक खुणा अमेरिकी भाषेतल्या असतात, आपल्याकडची भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे. तिचा व्हिडिओ शब्दकोश दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने मोफत ठेवला आहे. पहिल्या आठवड्याला दुभाषा मिळाला तर उत्तम, नाहीतर त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांशी व्हिडिओ कॉल ठरवा.

आणि ‘यांना ऐकू येत नाही, मग सगळ्यात गोंगाटाच्या खात्यात टाका’ हा हिशेब करू नका. बऱ्याच कर्णबधिरांना थोडं ऐकू येतं. ते उरलेलंही गोंगाटाने जातं. त्यांनाही कानात बोळे द्यायचे, आणि श्रवणयंत्र लावून लूमजवळ उभं करायचं नाही, कारण यंत्र गोंगाटही मोठा करतं.

धुळ्यात आमची तेलाची पेढी. व्हीलचेअरवरचा एक अकाउंटंट घ्यायचा आहे. ओट्याला तीन पायऱ्या आहेत. फॅब्रिकेटर म्हणतो, पाच फुटी लोखंडी उतार करून देतो. चालेल का?

चालणार नाही. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंची तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच उंची, म्हणून उतार १८ फूट लांब हवा. पाच फुटांत १८ इंच चढवणं म्हणजे ट्रकला लावलेल्या फळीवरून पोतं ढकलण्यासारखं आहे. खुर्ची मागे उलटते, आणि धरायला दोन माणसं बोलवावी लागली तर उतार बांधून मिळवलं काय?

सरळ १८ फूट जागा नसेल तर ९ फूट चढ, पाच फुटांचा सपाट टप्पा, तिथून वळून उरलेले ९ फूट, असं करा. वर दारापुढेही पाच फूट सपाट जागा लागते, कारण उतारावर उभं राहून दार उघडता येत नाही. रुंदी चार फूट. कडेला दोनतीन इंचांची उभी धार ठेवा, म्हणजे चाक घसरणार नाही. पृष्ठभाग झाडूच्या रेघा ओढलेल्या काँक्रीटचा करा. घोटलेली कोटा फरशी किंवा चकचकीत टाइल पहिल्या पावसातच दगा देते, आणि तुमच्या पेढीवर तेलाचे थेंबही पडणार. लोखंडी पत्र्यावर आणि उघड्या पाइपच्या कठड्यावर वैशाखात हात ठेवता येत नाही. कठडा करा दोन्ही बाजूंना, ३० ते ३६ इंच उंचीवर, पण त्यावर रबर किंवा प्लास्टिकचं आवरण चढवा.

जागाच नसेल तर गोदामाच्या बाजूने, जमिनीच्या पातळीवर दार आहे का ते पाहा. बऱ्याच पेढ्यांत असतं, आणि टेबल तिकडे हलवलं की काम भागतं. मात्र तिकडे एकट्याला बसवून टाकू नका. मुनीम, ग्राहक, चहा सगळं पुढच्या खोलीत आणि हा एकटा पोत्यांत, असं झालं तर सहा महिन्यांत तो सोडून जाईल.

दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा ३६ इंच भरायला हवी. मापायची ती चौकटीची रुंदी नव्हे. फळी आणि बिजागरी दोनतीन इंच खातात. उंबरा अर्ध्या इंचाहून उंच नको.

आता पत्रात न विचारलेलं, पण सगळ्यात महत्त्वाचं : संडास. तो नसेल तर माणूस दिवसभर पाणी पीत नाही, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात त्याचा शेवट मूत्रमार्गाच्या संसर्गात होतो. बसायचा कमोड, सीट १८ ते १९ इंचांवर, बाजूला भिंतीत पक्का रोवलेला दांडा, आत पाच फुटांचा घेर. दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणारं असलं आणि माणूस आत पडला तर दार त्याच्याच अंगाला अडकतं.

मणक्याला इजा झालेली असेल तर आणखी दोन गोष्टी. इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर तापत जातं. त्याची जागा कूलरच्या वाऱ्यात ठेवा. आणि तो दर पंधरावीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलत असेल तर ‘सारखी चुळबुळ करतो’ म्हणू नका. तसं केलं नाही तर बसून बसून जखमा होतात, आणि त्या भरायला महिने लागतात.

उतार झाल्यावर आठवड्याभरात त्यावर मोटारसायकली आणि पेंडीची पोती दिसू लागतात. त्याचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी करा.

आमच्याकडे २७ माणसं आहेत. खासगी कारखान्यालाही आरक्षण लागू आहे का? कोणते कागद ठेवावे लागतात?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना आहे. खासगी ठिकाणी किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावं असं कायदा म्हणतो, सक्ती नाही. पण समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचंच आहे. २० किंवा जास्त माणसं असतील तर त्यात कोणती पदं योग्य, निवड कशी, प्रशिक्षण, रजा, साधनं हे लिहायचं, एक संपर्क अधिकारी नेमायचा आणि धोरणाची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. दिव्यांग कामगारांची नोंदही ठेवायची. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख.

हिशेबात एक चूक वारंवार होते. ४० टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व असलेल्याला महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. तरी पगारपत्रकात सगळ्यांबरोबर त्याचेही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे अडीच हजार. प्रमाणपत्राची प्रत घेऊन कपात थांबवा. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) पगाराची मर्यादा इतरांना २१ हजार आहे, दिव्यांगांना २५ हजार. म्हणून २३ हजारांवरच्या दिव्यांग कामगाराचं नाव गाळू नका.

अमळनेरहून. पतसंस्थेत एका पूर्ण अंध पदवीधराला घ्यायचं आहे. तो म्हणतो, कॉम्प्युटर येतो. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र काहीच वाचलं जाईना.

दोष बहुतेक त्याचा नाही, तुमच्या फाँटचा आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर ‘ठेव’ दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आतलं वाचतो, म्हणून कानात नुसती गिचमिड येते. सगळं युनिकोडमध्ये आणा, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठतील. मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मराठी वाचतो. स्कॅन करून पाठवलेली परिपत्रकं मात्र त्याच्यासाठी नुसतं चित्र असतात, मूळ फाइल मागवा.

नेमणुकीआधी त्याला अर्धा दिवस तुमच्या सॉफ्टवेअरवर बसवा आणि तीन गोष्टी तपासा : माउस न लावता टॅब दाबत प्रत्येक रकान्यात जाता येतं का, बटणांना नाव आहे का की नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं, आणि लॉगिनला चित्रातली अक्षरं ओळखावी लागतात का. जिथे अडेल ते सॉफ्टवेअरवाल्याला लेखी कळवा.

रोख काउंटर मात्र देऊ नका. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप २०२० पासून आहे, पण एकेक नोट कॅमेऱ्यापुढे धरून गर्दीचा काउंटर चालत नाही. कर्जाची पत्रं, वसुलीचे फोन, ठेवींच्या मुदतीची यादी, व्याजाची तपासणी हे सगळं त्याला जमेल. फक्त फोनवरच बसवून ठेवायचं, हेही बरोबर नाही. आणि खुर्च्या, कपाटं हलवली तर आधी सांगा. अर्धवट उघडं दार सगळ्यात वाईट, ते कपाळालाच लागतं.

रावेरहून. आमचा बावीस वर्षांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात पॅकिंगला जातो. मालक चांगले आहेत, पण ‘वजन चुकवतो’ म्हणून रोज फक्त चहापाण्याचे पैसे देतात.

पगाराचं आधी. दिव्यांग आहे म्हणून किमान वेतनाहून कमी द्यायची मुभा मालकाला नाही. हजेरी लावून काम घेतो तर वेतन दिलं पाहिजे, तेही मुलाच्या नावच्या खात्यात. बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग यांच्यासाठी कायदेशीर पालक नेमायची सोय राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ मध्ये आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करा.

वजनाचं आता, आणि हे मालकांना वाचून दाखवा. डिजिटल काट्यावर १९४, २०३ असे आकडे वाचून ‘कमी की जास्त’ ठरवणं ही दोन कामं आहेत. जुना तराजू काढा. एका पारड्यात वजन आणि एक रिकामी पिशवी, दुसऱ्यात भरलेली पिशवी. काटा मधल्या खुणेवर आला की झालं. आकडा वाचायचा प्रश्नच उरत नाही. भरायला एकच ठरलेला मग द्या, त्याला रेघेपर्यंत भरलं की वजनाच्या जवळ येईल इतका. मोजणीही अशीच. २४ पाकिटं मोजण्याऐवजी खोक्याच्या तळाला २४ चौकोन आखा, सगळे झाकले की खोकं भरलं. शेवटची तपासणी मात्र दुसऱ्याने डिजिटल काट्यावर करावी, पाकिटावर छापलेल्या वजनाची जबाबदारी मालकाची असते.

शिकवायची रीत उलटी ठेवा. पिशवी उघडणं, भरणं, वजन, सील, खोक्यात ठेवणं, यातलं शेवटचं आधी शिकवा. बाकी सगळं तुम्ही करा, खोक्यात तो ठेवील. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम पुरं झाल्याचं त्याला दिसतं. ते सलग पाच वेळा न चुकता जमलं की त्याच्या आधीचा टप्पा जोडा. मदतही उतरत्या क्रमाने : आधी हात धरून, मग बोट दाखवून, मग नुसतं शेजारी उभं राहून. सीलिंगची तापलेली पट्टी सगळ्यात शेवटी, तीही पायाने दाबायच्या मशीनवर आणि बोटं आत जाणार नाहीत असा अडसर लावून.

बिघडतं कुठे? दोन माणसं दोन रीतीने सांगतात तिथे. शिकवणारा एकच ठेवा. दुसरं, श्रावणात आणि नवरात्रात उपवासाच्या मालाची घाई सुरू होते, एका सकाळी पिशवीचं माप बदलतं आणि कोणी त्याला सांगत नाही. तो जुन्या मापानेच भरतो, वर ओरडा खातो. दोन दिवस आधी नवी पिशवी हातात द्या, नव्या मगाची सवय होऊ द्या.

नंदुरबारहून. कापड दुकानात धडगावकडची एक मुलगी कामाला आहे. महिना-दीड महिन्याने तीनचार दिवस येत नाही, अंग दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणाले सिकलसेल. पण दिसायला तर धडधाकट आहे.

सिकलसेल हा २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. तपासण्या झाल्यावर ती दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज करू शकते. सरकारी नोकरीच्या ४ टक्क्यांत मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. कळा येतात त्या तिथून, त्यात ढोंग नसतं. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, दमणूक यांनी कळा उठतात, आणि यातलं बरंच दुकानात तुमच्या हातात आहे. पाण्याची बाटली काउंटरखाली तिच्या हाताशी ठेवा. या आजारात लघवीलाही वारंवार जावं लागतं, तिथे टोकू नका. एसीचा झोत थेट अंगावर येईल अशी जागा देऊ नका. बसायला स्टूल द्या, माळ्यावरचे गठ्ठे तिला उतरवायला लावू नका. रजेचा आधी अर्ज मागण्यात अर्थ नाही, कळ सांगून येत नाही. सकाळी एक फोन पुरेसा धरा, रविवारच्या किंवा सणाच्या पाळीत ते दिवस भरून घेता येतात. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, यांपैकी काहीही दुकानात झालं तर घरी पाठवू नका, थेट दवाखान्यात न्या.

नुसती वाहक असलेली व्यक्ती एरवी निरोगीच असते, दोन्हींत घोळ करू नका. आणि आजाराचं नाव बाकीच्या नोकरांपुढे घेऊ नका. गावात त्यावरून मुलींची लग्नं मोडतात.

चोपड्याहून. जाहिरात कशी द्यावी? मुलाखतीत अपंगत्वाबद्दल विचारलेलं चालतं का?

‘दिव्यांगांसाठी जागा’ असं मोघम लिहिलं की कोणीच येत नाही, किंवा ज्याला ते काम जमणार नाही तोच येतो. काम लिहा : ‘दिवसातून चार तास बसून, दोन तास उभं राहून, १० किलोपर्यंत उचलणं, मोबाइलवर ऑर्डर घेणं. दिव्यांग उमेदवारांनी अर्ज करावा.’ जाहिरात जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात, जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्रात, आयटीआयत आणि विशेष शाळांत पाठवा.

‘हे कसं झालं, जन्मतःच का?’ हा प्रश्न कामाचा नाही. ‘हे काम तुम्ही कसं कराल, त्यासाठी आमच्याकडून काय लागेल?’ हा विचारा. प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवरून काम ठरवू नका. एका पायाचं ७० टक्के अपंगत्व बसून करायच्या हिशेबाच्या कामाबद्दल काहीच सांगत नाही. मुलाखतीचा निरोप देताना दोन गोष्टी जास्तीच्या कळवा : दाराशी पायऱ्या किती आणि बस स्टँडपासून अंतर किती. एसटीने येणाऱ्या माणसाला सकाळी साडेनऊची वेळ देण्याआधी त्याच्या गावची पहिली गाडी किती वाजता सुटते, तेही विचारून घ्या.